सातव्या प्रश्नाचे बारा गुण

गणित विभागात ताई म्हटलं की एकच ताई. पाच सत्रं ओळीने पहिली, आंतरविद्यापीठ स्पर्धेत सुवर्णपदक, वर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवड. वसतिगृहाच्या पाण्यापासून ग्रंथालयाच्या वेळेपर्यंत, कुणाचंही घोडं अडलं की धाव ताईकडे. अंतिम यादीतही तीच पहिली, दुसऱ्या मुलाच्या पाच गुण पुढे. पहिल्याला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते. दुसऱ्याला टाळ्या.

त्याच यादीत एकोणीस जण नापास झाले होते. फेरतपासणीच्या अर्जाची मुदत आज चारपर्यंत, आणि अर्ज लिहिणार अर्थातच ताई. दुपारी दोनला ती नापासांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती घेऊन बसली. समोर शंकासूर होती. दर ओळीला हात वर करायची, म्हणून पोरींनी तिला हे नाव ठेवलेलं.

"सातवा प्रश्न बघ," शंकासूर म्हणाली. "'क'ने भागल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. पण 'क' शून्य असेल तर? 'इथे भागता येत नाही' असं लिहून मी थांबले. बारापैकी भोपळा! चौदा जणांचं असंच झालंय. बाकीच्या बहुतेकांनी हा प्रश्न पर्यायात सोडलाच."

ताईने प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. 'क शून्य नाही' एवढं छापायचंच राहिलं होतं. अहो, शून्याने भागायचं नसतं हे शाळकरी पोरही सांगेल! सिद्ध करायला दिलेलं विधान चक्क खोटं होतं, आणि ताईने आपल्या उत्तरपत्रिकेत ते तीन ओळींत सिद्ध करून दाखवलं होतं, 'क'ने बिनदिक्कत भागून. बारापैकी बारा.

परीक्षेआधी संध्याकाळच्या वर्गात ती या सगळ्यांना शिकवायची, तेव्हा शंकासुराने नेमकी हीच शंका काढली होती. "उगाच फाटे फोडू नकोस गं, भाग आणि पुढे चल," ताई सगळ्यांदेखत म्हणाली होती. वर्ग खो खो हसला होता.

"हे अर्जात लिहायचं ना?" शंकासुराने विचारलं. ताईने काय लिहिलं होतं, याचा तिला पत्ता नव्हता. कुणालाच नव्हता.

तीन वाजले. साडेतीन वाजले. ताईने दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मेली ती शिष्यवृत्ती, असं म्हणणं सोपं असतं. तिच्या आईने सबंध गल्लीला सांगून टाकलं होतं.

पावणेचारला ती विभागप्रमुख सरांसमोर उभी राहिली. त्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"बरोबर आहे. थांबले त्यांना गुण द्यावे लागतील. पण ज्यांनी भागलं त्यांचे कापावेही लागतील. आहे कुणी असं?"

"मी, सर."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "अजून दहा मिनिटं आहेत. परत न्यायचा असेल तर ने. मी वाचलाच नाही असं समजेन."

"शिक्का मारा, सर, लवकर मारा!" ती जवळजवळ ओरडलीच. "नाहीतर नेईन मी परत!"

चार दिवसांनी सुधारित यादी लागली. चौदाही जण पास. ताई दुसरी.

"दुसरी? मग भांड की त्यांच्याशी!" आई फोनवर कडाडली. "जगासाठी भांडतेस ना?"

"चूक माझी होती, आई. मीच दाखवली."

"कपाळ माझं," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "कुणी बघितलं असतं गं?"

"कुणीच नाही," ताई म्हणाली, आणि मग तिलाही रडू आवरेना.