उकळलेल्या पाण्याचं सूप

कॅन्टीनकाकूंच्या हातून कधी काही वाया गेलं नाही. सगळी उमर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली. भाजीचं पाणी मोरीत ओतणारी पोरगी दिसली की काकू तिथल्या तिथे तिला फैलावर घ्यायच्या, "काय गं, बापाची जहागीर आहे का? सगळं सत्त्व त्यातच असतं!"

रिटायर झाल्या आणि नवऱ्याच्या किडन्यांनी मान टाकली. नवरा, म्हणजे वायरमनकाका, अगदी गरीब गाय. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी दोघांना आणि सुनेला समोर बसवून बजावलं, "रक्तात पोटॅशियम साठतंय. आणखी वाढलं तर हृदय दगा देईल." बटाटा, रताळं, बीट, बाजारात मिळणारं ते पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप, कुठलाही कंद खायचाच झाला तर थोडासा, तोही सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून आणि निथळून. काकूंनी जोरजोरात मान डोलावली. उकळायचं कसं हे आता त्यांना कोण शिकवणार?

घरी रोज मोठं पातेलं चढायचं. काकांच्या ताटात निथळलेले चार तुकडे पडायचे. आणि ते पाणी? त्यात मिरपूड घालून, घोटून काकू वाटीभर सूप करायच्या. बिचाऱ्याच्या तोंडाला चव नाही, निदान हे तरी पोटात जाऊ दे! काकाही आवडीने प्यायचे.

पुढचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला. "बाहेरचं काही खाता का?" मॅडमनी विचारलं. झालं! काकूंचं डोकं फिरलं. घरी आल्या आल्या सुनेदेखत त्यांनी काकांना झाडलं, "जिभेचे चोचले पुरवायचे आणि वर साळसूदपणाचा आव! मी इथे मरमर मरते ती कोणासाठी?" खाऊच्या कपाटाला कुलूप लागलं. काका फिरून आले की खिसे तपासले जायचे. एकदा तर काकूंनी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. काकांनी सुरुवातीला शपथा घेतल्या, मग बोलणंच सोडून दिलं.

पुढच्या वेळी आकडा आणखी चढला होता. मॅडमनी काही विचारायच्या आतच काका खाली बघत म्हणाले, "चूक माझीच आहे. खात असेन कधीतरी. हल्ली आठवत नाही."

मॅडमना ते पटेना. "काकू, दिवसभरात काय काय देता, सगळं सांगा बरं."

काकूंनी ठसक्यात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि त्याच पाण्याचं सूप. थेंबही वाया घालवत नाही मी!"

"अहो, पोटॅशियम त्या पाण्यातच तर उतरतं! ते फेकायचं म्हणून उकळायचं."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. शेजारी सून बसली होती, तिच्याकडे बघायची छाती होईना. विष पाजलं ते पाजलं, वर या माणसाचं तोंड हुंगलं आपण! धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्यांना.

काकांनी हळूच मान वर केली. "म्हणजे मी खात नव्हतो ना गं?"

"नाही हो." काकू म्हणाल्या, "मीच पाजत होते."

"बरं झालं बाई," काका म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. "मला वाटलं, माझं डोकंही गेलं."

त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी काकूंना परवडलं असतं. ते हसू मात्र त्यांना सोसवेना.