शेरूला पोहायला पाणी पाहिजे

घरात कुत्रं आलं की केस साचतात, आणि कुत्रेवाल्यांचा ग्रुप जमला की किस्से साचतात. केस निदान झाडता तरी येतात.

आमचा ग्रुप तसा लहान. मी जुन्या जालन्यात फोटो स्टुडिओ चालवणारा. दुसरे दातांचे डॉक्टर कुलकर्णी. तिसरे शाळेत पी.टी. शिकवणारे देशमुख सर. डॉक्टरांची लॅब्रेडॉर ब्राउनी, सरांचा अल्सेशियन शेरू, आणि मेहुण्याने माझ्या गळ्यात मारलेला पांढराशुभ्र पॉमेरियन प्रिन्स. शिवाय टेम्पोवाले रशीदभाई. ते कुत्र्याला हात लावायचे नाहीत, पण दर रविवारी आमच्यासाठी टेम्पो काढायचे. कशाला हा त्रास, असं विचारलं तर म्हणायचे, "घर में बैठ के क्या करूं? इधर तमाशा तो देखने मिलता."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आणखी एक सांगून ठेवतो, मला धक्का लवकर बसतो. बायको म्हणते, वरणात मीठ कमी पडलं तरी तुमचं तोंड उघडंच राहतं. पण पुढचं ऐका आणि सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

*

सुरुवात झाली ती शेरूला ट्रकने उडवल्यापासून. जीव वाचला, पण मागचे पाय गेले. पुढच्या दोन पायांवर तो स्वतःला घासत न्यायचा.

शेरू म्हणजे वहिनींचा कुत्रा. सरांच्या बायकोने त्याला ओंजळीएवढा असताना घरी आणला, बाटलीने दूध पाजलं. मग वहिनीच आजारपणात गेल्या. घरात उरले सर आणि शेरू. दोघं एकाच वेळी जेवायचे आणि एकाच खोलीत झोपायचे.

जनावरांचे डॉक्टर नुकतेच अलिबागकडून बदलून आले होते. त्यांनी पाय तपासले आणि अगदी सहज सांगितलं, "बीचवर नेत जा. पट्टा काढायचा, पोहू द्यायचं, ओल्या वाळूत मोकळं सोडायचं. पायात जोर येईल."

बीच! जालन्यात! ज्या गावात नळाला पाणी आलं म्हटलं की माणूस लग्नाच्या पंगतीतून उठून घरी पळतो, तिथे हा माणूस कुत्र्याला समुद्र लिहून देत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

सरांनी विचारलं, "अन् बीच न्हाईच भेटला तर?"

"दिवाळीपर्यंत बघू. तोवर उभा राहिला नाही, तर त्याला असं घासत जगवण्यात अर्थ नाही. एक इंजेक्शन पुरतं."

रशीदभाई टेम्पो घेऊन बाहेर थांबले होते, पण सरांनी शेरूला खांद्यावर घेतलं आणि चालत घरी गेले.

*

पहिला प्रयोग डॉक्टर कुलकर्ण्यांच्या हौदात झाला. त्यांच्या अंगणात सिमेंटचा मोठा हौद होता. सासूबाई गावाला गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, "कुणाला कळणार आहे?"

शेरूला हौदात उतरवलं. त्याला पाण्यात पाहून ब्राउनीनेही उडी मारली. ब्राउनीला पाहून प्रिन्सने मारली. आणि फाटकातून हातात पिशवी घेऊन सासूबाई आत आल्या. त्यांची एसटी चुकली होती.

त्यांनी हौदात पाहिलं. तीन डोकी पाण्यावर. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. शांतपणे बाहेर गेल्या आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना सांगून आल्या.

पुढचे कितीतरी महिने त्या गल्लीतलं एकही माणूस डॉक्टरांकडे चहा प्यायलं नाही. पेशंटसुद्धा चूळ भरायला घरून पाणी आणायचे!

*

मग नदी. आमच्या गावच्या नदीत पाणी सोडून बाकी सगळं असतं, हे आम्हाला माहीत होतं. तरी गेलो. शेरूला उतरवण्याजोगं पाणीच सापडलं नाही. तेवढ्यात प्रिन्स एका डबक्यात शिरला आणि पलीकडून एक वेगळंच जनावर बाहेर आलं. काळं, बारीक, उंदराच्या तोंडाचं. पॉमेरियनमध्ये केस किती आणि कुत्रं किती, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी नेलं तर बायको दारात आडवी आली. "हा आपला न्हाई," म्हणाली. "ज्याचा असंल त्याला वापस करून या."

*

तिसरा प्रयोग मात्र फार अंगाशी आला. मंठ्याकडे सरांच्या चुलत भावाचं शेत होतं. विहिरीला भरपूर पाणी, पण पायऱ्या ढासळलेल्या. ठरलं असं की बाजेला चारी बाजूंनी दोर बांधायचे, बाजेवर शेरूला झोपवायचं आणि खाली सोडायचं. सर आधीच कपड्यांसकट विहिरीत उतरले.

पोहणं झकास झालं. सर शेरूच्या पोटाखाली टॉवेल धरून गोल फिरत होते. वर येताना मात्र बाजेचा एक दोर सुटला. शेरू परत पाण्यात, बाज सरांच्या अंगावर, आणि आम्ही वरून ओरडतोय, "दोर आणा, सर विहिरीत आहेत!"

त्याच वेळी रस्त्यावरून एक दूधवाला लुनावरून जालन्याकडे चालला होता. त्याने एवढंच ऐकलं. थांबला नाही, वाकून पाहिलं नाही, गाडी दामटली.

दोघांना बाहेर काढून आम्ही अंधार पडायच्या आत घरी आलो. सरांना सडकून सर्दी झाली. सोमवारी ते शाळेत जरा उशिराच पोचले. पाहतात तर मैदानावर सगळी शाळा मान खाली घालून उभी. सर पडले पी.टी.चे. सवयीने गुपचूप शेवटच्या ओळीच्या टोकाला गेले, सावधानमध्ये उभे राहिले, त्यांनीही मान खाली घातली. मौन संपल्यावर शेजारच्या शिपायाला हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

शिपायाने वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"सर, तुमीच."

तोवर सुट्टीची घंटा झाली होती आणि पोरं फाटकाबाहेर पळाली होती. हेडमास्तरांनी सरांच्या खांद्याला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "आता देऊन बसलो सुट्टी. तुमीबी जा घरी."

*

शेवटी पाणी सापडलं ते रशीदभाईंना. मंठा रोडला एका खेड्याबाहेर पाझर तलाव होता. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, तलाव काठोकाठ भरलेला. एका बाजूला उतरता मुरूम, माथ्यावर बाभळी, माणूस ना काणूस. आम्ही टेम्पोचा मागचा फाळका उघडला आणि डॉक्टर म्हणाले, "हाच आपला बीच."

तेवढ्यात बाभळीमागून आवाज आला, "कोण हाय रं?"

खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागे मेंढरं. हे भिवाबाबा. वय सत्तरीपुढचं. त्यांनी आधी कुत्र्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काय करून राह्यले इथं?"

सर म्हणाले, "कुत्र्याला पोहायला आणलंय, बाबा."

भिवाबाबांनी हे ऐकलं आणि खालीच बसले. त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त धक्का बसलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला.

"उन्हाळ्यात आमच्या बाया दोन कोस पाण्याला जातेत. अन् तुम्ही मोटारीत घालून कुत्रे पोहायला आणता? जालन्याच्या लोकायला काम न्हाई का?"

आम्ही माना खाली घातल्या. सर शेरूला उचलून टेम्पोकडे निघाले, तेव्हा बाबांना त्याचे लोंबणारे पाय दिसले.

"ह्याला काय झालं?"

सरांनी सगळं सांगितलं. ट्रक सांगितला, वहिनी सांगितल्या, दिवाळीचं इंजेक्शन सांगितलं. सांगता सांगता सर रडले. पोरांना उन्हात उभं करणारा हा माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता.

भिवाबाबा उठले. "तळं भरलंय तवर या. पाणी उतरलं की मंग न्हाई यायचं. अन् साखळ्या मोटारीतच ठिवा. बांधलेलं कुत्रं बघवत न्हाई मला."

त्या दिवसापासून दर रविवारी तीच रीत. सर छातीभर पाण्यात शेरूला टॉवेलवर धरायचे. पोहून झालं की त्याला मुरुमावर ठेवायचे. मग बाबा आपल्या फडक्यातली भाकर काढून लांब दगडावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पळत ये, मंग घे." शेरू मान उंच करायचा, पुढचे पाय रोवायचा, मागचं अंग काही उठायचं नाही. शेवटी बाबाच भाकर घेऊन त्याच्यापाशी यायचे आणि तुकडे करून भरवायचे.

"ह्यो पळालेला बघूनच जाईन मी," असं ते दर वेळी म्हणायचे.

*

मधे गणपती विसर्जन आलं. खेड्यातलं एक कुटुंब वीतभर मातीचा गणपती घेऊन तलावावर आलं. आरती झाली. घरातल्या कर्त्या माणसाने गुडघाभर पाण्यात जाऊन मूर्ती सोडली. सगळ्यांनी पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं.

आता लॅब्रेडॉरला पाण्यात काही टाकलेलं दिसलं की ते परत आणून देणं हा तिचा धर्म. आम्ही "ब्राउनी!" म्हणेपर्यंत ती पाण्यात होती. बाहेर आली ती गणपती तोंडात धरून. दात लावला नाही, सोंडेला धक्का नाही. कर्त्या माणसाच्या पायाशी अलगद ठेवला आणि शेपूट हलवत उभी राहिली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. आता मार बसणार, असं धरून मी टेम्पोच्या दिशेने दोन पावलं सरकलो. तेवढ्यात धाकट्या सुनेने पदर सावरला आणि सासूला विचारलं, "आत्या, आता परत मोदक करा लागतेत का?"

भिवाबाबा इतके हसले की मेंढरं बुजली.

*

दिवाळी जवळ आली. शेरूचे मागचे पाय पाण्यात हलायला लागले होते, पण जमिनीवर नाही. डॉक्टर कुलकर्ण्यांनी एक-दोनदा इंजेक्शनचा विषय काढला, तर सर म्हणाले, "आधी या रविवारी जाऊन येऊ."

त्याच्या आधीचे दोन रविवार पावसाने रस्ता खराब झाल्यामुळे चुकले होते. तलावावर पोचलो तर पलीकडच्या बाजूला बरीच माणसं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी कार्यक्रम दिसतोय. ब्राउनीने घोळ घालू नये म्हणून तिला टेम्पोतच ठेवलं. प्रिन्सलाही ठेवलं. शेरूला बांधायचा प्रश्नच नव्हता. तो कुठे जाणार?

सर त्याला घेऊन पाण्यात उतरले. मी आणि डॉक्टर चौकशी करायला बांधावरून पलीकडे गेलो. जवळ गेल्यावर मुंडण केलेली दोन माणसं दिसली. दगडावर पिंड ठेवलेले. बाजूला पानावर भाकर, कांदा, तंबाखूची चंची. आणि शेजारी घडी घातलेली घोंगडी.

ती घोंगडी मी लांबूनही ओळखली असती. भिवाबाबा गेले होते, आणि आम्ही त्यांच्या दहाव्याला कुत्रं पोहायला आणलं होतं.

पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, मेंढरं इकणार न्हाई. शब्द हाय माझा." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "बाबा, दारूला हात लावणार न्हाई." नाही. लेक म्हणाली, "आईला मी नेते माझ्याकडं." तरी नाही. बाबांची म्हातारी एका बाजूला बसून नुसती पानावरच्या भाकरीकडे पाहत होती. गुरुजी हळूच म्हणाले, "उन्हं चढली. दर्भाचा कावळा करू."

तेवढ्यात तलावाच्या बाजूने सरांची हाक आली. "शेरू!"

आम्ही वळून पाहिलं. सर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, हातात रिकामा टॉवेल. आणि मुरुमावरून शेरू येत होता. आधी धडपडला. मागचं अंग एका बाजूला गेलं, तो पडला, उठला. मग बांधावरून पळाला. वेडावाकडा, पण चारी पायांवर पळाला. माणसांमधून वाट काढत थेट दगडापाशी आला आणि पानावरच्या भाकरीत त्याने तोंड घातलं.

बायका किंचाळल्या. गुरुजी मागे सरकले. थोरल्याने बाबांची काठी उचलली.

"मारू नको," म्हातारी म्हणाली. "रईवारी एक भाकर जास्ती बांधून न्यायचे ते. त्याचीच हाय ती."

थोरल्याने काठी खाली केली. शेरू अर्धी भाकर खाऊन बाजूला झाला आणि घोंगडीवर जाऊन बसला. सर अजून पाण्यातच होते.

बाभळीवरून एक कावळा उतरला आणि उरलेल्या भाकरीला शिवला.