डोक्यावर पालथी वाटी

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं, कारण यातला सगळ्यात मोठा घोळ माझा आहे आणि तो सांगितल्याशिवाय आत्याची गोष्ट पुढे सरकत नाही. पण कालपासून मला एकटीलाच हसू येतंय, बसमध्ये, लेक्चरमध्ये, दात घासताना. तेव्हा जाऊ दे, लिहून टाकते.

माझी आत्या ज्यूसच्या कारखान्यात संत्री पिळायचं मशीन धुते. एकोणीस वर्षं. रस पुढे बाटल्यांत जातो आणि साली मागच्या दाराने खड्ड्यात, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या, आणि तिथे कुजून असा वास मारतात की आत्या आमच्या घरात शिरली की बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "आल्या राणीसरकार."

दोन वर्षांपूर्वी मशीनखालचं गटार तुंबलं. साली, रस, गरम पाणी, सगळं आत थिजून बसलेलं. बाकीचे सळई घेऊन धावले. आत्या वाटी घेऊन गेली. तो लगदा वाटीत घेतला, वाटी पालथी केली, पडेना. सुपरवायझरला दाखवलं तर तो म्हणाला, "त्यात काय, सालीत पेक्टिन असतं. त्यानंच जॅम घट्ट होतो. जॅमवाले पोत्यानं विकत घेतात." एवढं बोलून तो जेवायला गेला, आणि आत्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

साली लिंबाच्या पाण्यात उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, त्या पाण्यात स्पिरिट ओतलं की ढगासारखे गोळे वर येतात, ते पिळायचे, वाळवायचे, दळायचे. सांगायला एक वाक्य, आत्याला दीड वर्ष लागलं. दर खेपेला ती भुकटी साखरपाण्यात शिजवून वाटीत ओतायची आणि गार झाली की वाटी स्वतःच्या डोक्यावर पालथी धरायची. टेबलावर नाही, डोक्यावर. का, तर म्हणे, "टेबलावर पडलं तर माणूस म्हणतो, जरासंच पडलं. केसांत पडलं की खोटं बोलता येत नाही." पस्तीस वेळा केस धुतलेत तिनं. आतोबा म्हणायचे, "हिच्या उशीवर मुंग्या येतात, मी झोपू कुठे?"

शेवटी तिच्या बोटांनाच कळलं. ताजी साल चोळली की बोटं बुळबुळीत होतात, कालची साल नुसतीच ओली. म्हणजे मशीनमधून निघाली की तासाभरात उकळत्या पाण्यात गेली पाहिजे. तेव्हापासून वाटीतलं पडेनासं झालं.

मॅनेजरसाहेबांनी मागची शेड दिली, पण हंगामापुरती. जॅमच्या कारखान्याचे लॅबवाले साहेब येऊन बघणार. ते हो म्हणाले तर शेड आत्याची, हाताखाली दोन बायका, साली खड्ड्यात जाणं बंद. नाही म्हणाले तर शेडमध्ये रिकामे क्रेट आणि आत्या परत मशीनखाली. आणि हंगाम संपलेला, ताज्या साली मिळणार नाहीत. सगळ्यात चांगली भुकटी दोनच मापं उरलेली. एक परीक्षेला, एक अडचणीला.

अडचण म्हणजे मी.

सहा महिने आत्या फोनवर म्हणत होती, ये एकदा, बघ. आणि मी, येते गं, परीक्षा आहे. काल एकदाची शेडमध्ये गेले. साहेब आलेले, इस्त्रीचा शर्ट, पूर्ण टक्कल, हातात घट्टपणा मोजायच्या यंत्राची पेटी. पाणी खळखळ उकळत होतं. आत्या साखर आणायला वळली आणि मला वाटलं, मदत करू. मापभर भुकटी टाकली पाण्यात. झरकन गोळे झाले, वरून चिकट, आत कोरडे.

"काय टाकलंस?"

"भुकटी. पाणी उकळत होतं ना."

"साखरेत कालवून टाकायची असते गं."

"मला काय माहीत."

"सहा महिन्यांत आली असतीस तर माहीत असतं."

साहेब पातेल्यात डोकावले. "ताई, गोट्या शिजवताय का?"

"ही माझी भाची, साहेब. कॉलेजात जाते."

"काय शिकते?"

"घाई."

मला रडूच फुटलं. आत्यानं बघितलं आणि म्हणाली, "रडायचं तर पातेल्यापासून लांब रड. मीठ नकोय त्यात."

पातेलं घासलं. दुसरं माप, शेवटचं, साखरेत कालवलं, हळूहळू सोडलं, उकळलं, उरलेली साखर, लिंबू, आणि वाटीत ओतून वाटी गार पाण्यात ठेवली. तासभर थांबायचं होतं. तेवढ्या वेळात आत्यानं एकच डाव तीनदा धुतला.

मग साहेबांनी पेटी उघडली तर आत्या वाटी घेऊन उभी. "यंत्र नंतर. आधी डोकं."

"कुणाचं?"

"एरवी माझं असतं. पण माझं डोकं माझ्याच बाजूनं बोलणार. तुमचं द्या."

साहेबांनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि मुकाट्यानं क्रेटवर बसले.

आत्यानं वाटी पालथी केली. मी मनात मोजत होते. सातला टप. थेंब, बरोब्बर टकलाच्या मध्यावर.

आत्याचा हात हलला नाही, पण चेहरा पांढरा पडला. साहेबांनी थेंबाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि म्हणाले, "पाणी आहे."

वाटी पाण्यात होती ना. बाहेरचं ओघळलं होतं, आतलं जागच्या जागी.

"ताई, काढा आता, मान अवघडली."

"हो म्हणा, मग काढते."

साहेब इतके हसले की डोकं वाटीला आपटलं. तरी पडलं नाही. मग यंत्रानंही हो म्हटलं, पण ते कोण ऐकतंय. पुढच्या हंगामातल्या भुकटीची पहिली दोन पोती त्यांचीच ठरली. आत्या बाहेर जाऊन त्या जुन्या गटाराशी जरा वेळ उभी राहिली, येताना डोळे पुसत आली आणि मला म्हणाली, "काय बघतेस, पातेलं घास."

आत्याच्या घरी आतोबांनीही तीच वाटी डोक्यावर पालथी धरून घेतली. जेवायची वेळ झाली तरी पडेना. शेवटी चमच्यानं उकरून खाल्लं, जरासं कडू, पण मी दोनदा घेतलं.

तुमचंही असं कुणीतरी असेल, ये एकदा, बघ काय केलंय, असं म्हणत असेल. त्यांना परीक्षाबिरीक्षा सांगू नका. याच आठवड्यात जाऊन भेटा. फक्त विचारल्याशिवाय पातेल्यात काही टाकू नका.