निकालानंतरची सकाळ

मोठ्या पातेल्यात चहा उकळल्याचा वास आला की वडील आमदारकी हरले त्यानंतरची सकाळ आठवते. इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या अंगणात रोज माणसांची रीघ असायची, म्हणून आईनं सवयीनं पातेलंभर चहा टाकला होता. वडील कडक इस्त्रीचे कपडे घालून रिकाम्या खुर्च्यांसमोर बसले होते. ऊन चढल्यावर कळंबची एक म्हातारी आली. वडील हळूच म्हणाले, "मावशी, मी आता आमदार न्हाय. माझ्याकडनं काम व्हायचं न्हाय." ती म्हणाली, "ठावं हाय. काम काय बी न्हाय. इतकी वर्सं गर्दीत तुमच्यापत्तूर पोचताच आलं न्हाय, आज निवांत बसाय आले." वडिलांनी स्वतः तिला चहा दिला आणि दुपारपर्यंत तिच्या नातवंडांचं ऐकत राहिले. ती गेल्यावर मात्र बराच वेळ फाटकाशी उभे होते. आता मी एकटीच राहते; कुणी काम नसताना आलं, की त्याला लवकर उठू देत नाही.