स्पीकरला लावलेली कणीक

आमच्या अक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी, यांच्याइतकं गाडीच्या डिकीवर प्रेम करणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि गाडीच्या बाकीच्या भागांविषयी इतका बेफिकीर माणूस तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. इंजिन, गिअर, ब्रेक ही सगळी डिकीला इकडून तिकडे नेण्यासाठी ठेवलेली गडीमाणसं आहेत, असं ते धरून चालतात. मी जुनी पांढरी गाडी घेतली आणि बीडहून पहिल्यांदा त्यांच्या गावी, शिरूर कासारजवळ, घेऊन गेलो. अक्कानं गाडीला ओवाळलं, हळदीकुंकू लावलं. दाजी सरळ मागं गेले, डिकी उघडली, आतल्या पत्र्यावर उजव्या हातानं दोन टिचक्या मारल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पाव्हनं, जागा लई झ्याक हाय. पन मोकळी कावून ठिवली?"

महिनाभरात ती मोकळी राहिली नाही. तिच्यात एक लाकडी खोकं आलं, खोक्यात परातीएवढा सबवूफर आला, शेजारी अॅम्प्लिफायर आला, आणि माझी स्टेपनी अक्काच्या गोठ्यात कडब्यावर जाऊन बसली.

दाजींचा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचा, पण गावात त्यांची ओळख ती नव्हती. तीस वर्षं गावच्या सप्त्यात पखवाज वाजवला तो दाजींनीच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्यातून पोटात उतरणारा खोल धुम निघतो. दाजींचा डावा हात पडला की मांडवातली पेंगणारी माणसं ताठ बसत. मग तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात मात्र गेला. बोटं तेवढी जराशी हलायची. पुढच्या सप्त्याला गावानं बाहेरून वादक आणला आणि दाजींना पुढच्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिलं. घरी येऊन ते अक्काला म्हणाले, "जित्त्या मान्साच्या हातात नारळ दिला गं यांनी." त्या दिवशी त्यांनी पखवाज खुंटीला टांगला, आणि हातातून गेलेला तो धुम लोकांच्या गाड्यांमध्ये शोधायला लागले.

शोधायचं ते एका हातानं. वायर दातानं सोलायची. तोंडात तांब्याच्या तारा धरूनच ते बोलत, त्यामुळे निम्मं कळत नसे, आणि कळलं नाही असं म्हणायची सोय नसे. अर्थिंगची वायर पत्र्याला बसवायची तर आधी तिथला रंग खरवडायचा, हा त्यांचा नियम. माझ्या नव्यानं रंगवलेल्या गाडीवर त्यांनी मला न विचारता पॉलिश पेपर फिरवला. मी कळवळलो, तर मलाच समजावलं, "रंग म्हंजी अंतरपाट हो पाव्हनं. त्यो मधी धरून कुनाचा संसार झालाय का?"

सबवूफरात फक्त जाड आवाज जायला हवा. बारीक आवाज अॅम्प्लिफायरच्या एका बटणानं बाहेरच अडवायचा. ते जमलं का हे बघायला ते एखाद्या बाईनं म्हटलेली गवळण लावत आणि डिकीत कान घालत. "बाई डिकीत बसली हाय. तिला म्होरं बसवा," असं स्वतःशीच म्हणून पेचकसानं बटण केसभर फिरवत. शेजारची एक म्हातारी खरंच डिकीत वाकून बघून गेली.

दुसरं बटण गेनचं. ते म्हणजे सोवळ्यातलं काम. "लोकं गेनला आवाज समजत्यात," दाजी सांगत. "त्यो आवाज न्हाई, त्यो गाडीचा कान हाय. किती बारीक ऐकायचं ते त्यो ठरिवतो." आवाज फुटेपर्यंत ते बटण पुढं न्यायचं आणि मग तिळाएवढं मागं आणायचं. हे चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही. अक्काच्या कुकरला शिट्टीबंदी; एका आठवड्यात आम्ही तीनदा कच्ची डाळ खाल्ली. बेस बरोबर आला का, याचा निकाल मात्र कानावर सोपवलेला नव्हता. सदरा वर करून ते उघडं पोट डिकीच्या काठाला टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. माजलगावकडं ऊस ओढायला निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं काळजीनं विचारलं, "काका, पोटात दुखतंय का?"

"गप बे," दाजी म्हणाले, "ऐकू दे."

एवढं करूनही समाधान नाही. "ह्यो धप करतो. धुम करत न्हाई." धप आणि धुम यांत फरक काय, हे मला कधी कळलं नाही. एका सकाळी अक्का पोळ्यांची कणीक मळत होती. दाजींनी परातीतला मूठभर गोळा उचलला आणि नेऊन सबवूफरच्या मधोमध थापला. खोटं कशाला सांगू, आवाज खाली उतरला. पण दुपारी डिकी उघडी राहिली, शेळी आत चढली, तिनं कणीक खाल्ली आणि तोंडी लावायला स्पीकरची कड खाल्ली. "आता ही व्याली की करडूबी धुम करंल," अक्का म्हणाली. दाजींनी शांतपणे सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि नवी कणीक मागितली. भजन संपलं की कणीक काढून गाईला घालायची, हा पखवाजाचा नियम ते स्पीकरलाही पाळत. माझ्या गाडीत गाणं थांबलं की चमच्यानं खरवडणं सुरू. "शिळी कनीक ठिवतो त्यो वादक न्हवं," असं त्यांचं म्हणणं.

यंदा सप्त्याला आठ दिवस असताना दाजींनी पखवाज खुंटीवरून काढला. गजराच्या बंद घड्याळातली, बारीक थरथरही पकडणारी पितळी चकती त्यांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेनंच चिकटवली आणि तिची वायर माझ्या डिकीतल्या अॅम्प्लिफायरला जोडली. मग उजव्या हातानं डावा हात उचलून पखवाजावर ठेवला. बोटं जराशी हलली. पखवाजातून काही ऐकू आलं नाही, डिकीतून आलं.

"माझ्या हातात उरलंय तेवढं मी देतो," दाजी म्हणाले. "बाकीचं गाडी दील."

काल्याच्या दिवशी गाडी मांडवाशी आणायचं मी तिथल्या तिथं कबूल केलं.

काल्याच्या कीर्तनाच्या सकाळी मी गाडी उलटी घेऊन मांडवाला भिडवली. दाजी डिकीसमोर सतरंजीवर बसले. इंजिन चालू ठेवलं तर त्याची घरघर आवाजात येते, म्हणून ते बंद. "बॅटरी येक, अभंग येक. जमवून घिऊ." महाराजांनी अभंग उचलला. बाहेरून आलेल्या वादकानं दाजींकडं बघितलं, हात जोडले आणि आपला पखवाज मांडीवरून खाली ठेवला. पहिल्या धुमला मांडवाचे पाइप हलले, माझ्या गाडीची मागची नंबरपाटी गळून पडली, आणि ज्यांनी नारळ दिला होता ती पहिली रांग ताठ बसली. दुसऱ्या धुमला चकतीनं डिकीचा आवाज ऐकला, डिकीनं चकतीचा ऐकला, आणि दोघांची अशी गट्टी जमली की कुणी हात न लावता गाडी एकटीच घूंऽऽ करत सुटली. टाळ थांबले. लिंबावरचे कावळे उडाले. महाराजांनी डोळे उघडले. दाजी माझ्याकडं वळून ओरडले,

"पाव्हनं, गेन! तिळाएवढं मागं!"

त्या बटणाला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. तीळ म्हणजे नेमका केवढा, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ठरवत होतो, तेही अख्ख्या गावासमोर. पेचकस फिरवला. घूं थांबलं. महाराज गालात हसले आणि त्यांनी पहिलं चरण पुन्हा घेतलं.

मग दाजींनी अख्खा अभंग वाजवला. अक्का बायकांत बसली होती. ती टाळ्या वाजवायचं विसरून त्यांच्या डाव्या हाताकडं बघत राहिली. शेवटच्या चरणाला धुम बारीक होत गेला, आणि शेवटच्या समेला डिकीतून काहीच आलं नाही. बॅटरी संपली होती. दाजींनी ती सम नुसत्या बोटांनी दिली. आम्हाला कुणाला ती ऐकू आली नाही, पण मान सगळ्यांनी डोलावली.

हंडी फुटली, काला वाटून झाला, चौघांनी ढकलत गाडी दारात आणली. दाजींनी पखवाजाची कणीक नेहमीप्रमाणे काढून गाईला घातली. मी चमचा घेऊन स्पीकरकडं वळलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं. पकड कसली, नुसती बोटं टेकली होती; पण मला हात सोडवून घेता येईना.

"ऱ्हाऊ द्या पाव्हनं," ते म्हणाले. "येवढ्या डाव ऱ्हाऊ द्या."

ती कणीक अजून तिथंच आहे, वाळून दगड झालेली. बीडचा मेकॅनिक म्हणतो, हे काढलं तर बेस सुधारेल. मी मान हलवतो आणि गाडी घेऊन निघतो. वाटेत गाणं लावलं की डिकीतून धप येतो, धुम येत नाही. तो फरक मला आता कळतो.