भंडाऱ्याची शपथ

निमगाव केतकीत मी दारुड्यांच्या बायकांना समुपदेशन करायला जायचे. प्रत्येकीच्या वाट्याला चारच भेटी. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एकीला म्हटलं, माहेरी जायची पिशवी भरून ठेव. तर गावातले आबा-तात्या माझ्यावरच उखडले. "पोरगं सोन्यासारखं हाय, दारूच वंगाळ!" मग त्यांनी त्या सोन्याला देवळात नेलं, खंडोबाचा भंडारा उचलायला लावून दारू सोडायची शपथ घातली आणि चहा ढोसून मिशीला पीळ देत घरी गेले. हात उचलण्याबद्दल एकाही शहाण्यानं ब्र काढला नाही.

चौथ्या भेटीला ती सुजलेला डोळा घेऊन आली.

"मोडली ना शपथ?" मी विचारलं.

"न्हाय ताई, थेंबाला शिवला न्हाय. पिऊन मारायचा तवा निम्मे फटके हुकायचे. आता एकबी हुकत न्हाय."