सूर्याचा सेक्रेटरी

सूर्याने आपल्याला विचारून उगवावं अशी अपेक्षा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्या सकाळी तो आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये केळीच्या पानांवर पालथा पडून गुरासारखा ओरडत होता. पाठ, मांड्या, पोटऱ्या, सगळं लालभडक, आणि त्यावर पुऱ्यांसारखे टम्म फोड. त्याच्या बायकोने मला हाताला धरून जिन्यातून ओढतच वर आणलं होतं. मी दारातून म्हटलं, "अहो, हे काय करून घेतलंत?" तर तेवढ्यातही त्याने मान वळवून मला समजावलं, "मावशी, प्रमाण जरा चुकलं. तत्त्व बरोबर होतं." रिक्षा येईपर्यंत तो तत्त्वच सांगत होता, आणि बायको त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती. तहानेसाठी कमी, तो गप्प बसावा म्हणून जास्त.

आम्ही नेरूळला सिडकोच्या इमारतीत राहायला आलो तेव्हापासून तो आमच्या वर, आणि त्याच्या वर गच्ची. आमच्या घरात त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, सगळे 'आपले वरचे' म्हणायचे. बेलापूरच्या सरकारी कचेरीतून रिटायर झाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी झाला. सोसायटीत भांडायला रोज काही मिळत नाही, म्हणून सूर्याचा कारभारही त्याने आपल्याकडे घेतला. तांबडं फुटायच्या आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून गच्चीवर, आणि नमस्कार घालताना सूर्याची नावं अशी ओरडून घ्यायचा, की सूर्य बहिरा असावा आणि आम्ही सगळे मेलेले. जिन्यात भेटला की तब्येत विचारायच्या आधी 'पडदे उघडलेत का?' गच्चीच्या कठड्यावर रंगीत बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवायचा आणि घरोघरी वाटायचा. माझ्या गुडघ्यांसाठी लाल, आमच्या ह्यांच्या पित्तासाठी निळी. मी दोन्ही तुळशीला घातल्या. तुळस जगली. तिला गुडघे नव्हते.

उन्हाळ्यात मी पापड घालायला गेले की हा मनगटावरचं घड्याळ बघत उभा. "मावशी, आता उलटा. या बाजूचं ऊन पुरे झालं." माझा जन्म वाळवणं घालण्यात गेला, आणि हा कारकून मला पापड उलटायला शिकवणार! एकदा दिवाळे गावच्या कोळणीकडून घेतलेले ओले बोंबील मी दोरीवर टांगले, तर वासाबद्दल चकार शब्द नाही, म्हणे यांची तोंडं पूर्वेला करा. बोंबलाचं तोंड पूर्वेला! मी म्हटलं, "तुम्ही दिशा धरून बसा, बोंबील मी खाईन."

पण सगळ्यांत मोठं थोतांड म्हणजे त्याचा सूर्यचुलीचा डबा. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. रविवारी त्यात भात-वरण लावायचा आणि माणसं जेवायला बोलवायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चार वाजेपर्यंत तांदूळ पाण्यात नुसते पोहत होते. पुढच्या वेळी मात्र वेळेवर भात, तोही मोकळा, वाफाळता. त्याने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ही चव गॅसला कधी यायची नाही." बायको खाली मान घालून वाढत होती. तिच्या पदराला फोडणीचा वास होता. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण नाक काही शाळेत घडत नाही. मी आणखी भात मागून घेतला.

मग त्याला चट्टे उठले. कमरेला, जांघेत, चड्डीखाली झाकलेलं असतं तेवढ्या भागात. लाल, खवलेदार, खाजणारे. नाक्यावरच्या डॉक्टरने नायटा म्हणून मलमं दिली. मलमं संपली, चट्टे वाढले. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, कातडीचा कॅन्सर. बायको माझ्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून उभी राहिली, रडली नाही. आणि हा? हा जिंकल्यासारखा खाली आला. "बघा मावशी, जिथे सूर्य पोचला नाही, नेमका तिथेच रोग झाला!"

तिथली डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण शांतपणे समजावणारी. तिने सांगितलेलं त्याने मला आपल्या भाषेत सांगितलं. "आपल्या वॉचमनसारखं झालंय. रक्तात काही पेशी असतात, बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून पहारा करणाऱ्या. त्यातल्याच काही फिरल्या आणि कातडीत बिऱ्हाड करून बसल्या. आपल्या वॉचमनने नाही का, मीटर रूममध्ये गावची माणसं आणून झोपवली?" त्यावर औषध असं : आधी एक गोळी घ्यायची, तिने कातडी उजेडाला हळवी होते. दोन तासांनी उंच कपाटात उघडं उभं राहायचं, आत चारी बाजूंनी खास दिवे. त्या उजेडाने फिरलेल्या पेशी मरतात. पण बाकीची कातडीही त्या दिवशी तेवढीच हळवी, म्हणून नंतर दिवस मावळेपर्यंत अंगभर कपडे, काळा चष्मा, उन्हात पाऊल नाही. कपाटात किती वेळ राहायचं ते डॉक्टरीणबाई ठरवणार, थोडं थोडं वाढवत.

झालं. सूर्याचा सेक्रेटरी आणि ट्यूबलाइटच्या कपाटात! आठवड्यातून दोनदा बसने जायचा आणि लग्नातून न जेवता परत आल्यासारखं तोंड करून यायचा. काळा चष्मा, फुल शर्ट, कानटोपी, एप्रिल महिन्यात. मुलं त्याला बघून पळायची. "मावशी, खरा उजेड फुकट पडलाय आणि मी नकली उजेडासाठी वाशीचा पूल ओलांडतो!" मी म्हटलं, "मुकाट जा. पापड कुणाच्या उन्हात वाळला ते पापड विचारत नाही." हसला. ऐकलं नाही.

एक दिवस कुणीतरी बंद पुकारला. पुलापलीकडे बस जाईना. शहाण्या माणसाने गोळी डब्यात ठेवून दिली असती. याने ती घेतली, दोन तास मोजले, आणि भर दुपारी नुसता लंगोट लावून गच्चीवर माझ्याच पापडांच्या चटईवर पालथा पडला. नकली दिव्याला काही मिनिटं लागतात, तर खऱ्याला तासभर तरी द्यायलाच हवा, असा हिशेब. ऊन लागून डोळाही लागला. संध्याकाळी खाली येऊन छाती काढून म्हणाला, "काही झालं? काही नाही झालं!" ते भाजणं दोन दिवसांनी वर येतं, हे त्याच्या तत्त्वात नव्हतं.

इस्पितळातून परतला तो वेगळाच माणूस. फोड भरत आले, पण ज्याने सगळ्या इमारतीचे पडदे उघडायला लावले, त्याने स्वतःच्या खिडक्यांना खाकी कागद चिकटवले. दिवसभर अंधारात कुशीवर पडून. डॉक्टरीणबाईने बजावलं होतं, कातडी भरली की पुन्हा अगदी कमी उजेडापासून सुरुवात करू, पण मध्येच सोडलंत तर हे कातडीवर थांबणार नाही, आत गाठींत उतरेल. हा म्हणे, जाणार नाही. चट्टे परत लाल व्हायला लागले तरी नाही.

अशाच एका दुपारी मी त्याच्या बायकोकडे वाल सोलायला बसले होते. आतून आवाज आला, "मला कुठे नेऊ नका. ज्याची जन्मभर भक्ती केली त्यानेच ओळख दाखवली नाही, मग ट्यूबलाइट काय दाखवणार?"

बायको उठली. वालांचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि खोलीच्या दारात उभी राहिली. त्या बाईचा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, तेव्हाही मोठा नव्हता.

"अहो, एक सांगू? तुमच्या त्या पेटीतला भात मी गॅसवर करत होते."

आतली खाट करकरली.

"कधी?"

"दर रविवारी. कुकर लावायचा, भात तुमच्या डब्यात काढायचा आणि तुम्ही अंघोळीला गेलात की वर पेटीत ठेवून यायचं. मावशींना विचारा."

"मला कशाला मध्ये घालतेस?" मी म्हटलं. "पण हो. दुसऱ्या खेपेपासून."

"इतकी वर्षं गॅसचा भात खाल्लात आणि शाबासकी सूर्याला दिलीत. अंगाला लागला ना? मग आता त्या बाईंचा उजेड घ्या, आणि नाव कुणाचं घ्यायचं ते घ्या. मला तुम्ही हवे आहात, तुमचं तत्त्व नको."

मला वाटलं, आता हा बाईवर धावून येणार. मग खाकी कागद टराटरा फाडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग बारीक आवाजात, "वरणसुद्धा?"

"वरणसुद्धा."

पुढच्या खेपेला ती त्याला घेऊन गेली, नंतरच्या प्रत्येक खेपेला गेली. कपाटाबाहेर त्याचे कपडे मांडीवर घेऊन बसायची. चट्टे फिके झाले, मग गेले. डॉक्टरीणबाई पूर्ण बरा म्हणत नव्हती, 'सध्या शांत आहे, तपासायला येत राहा' म्हणायची. गच्चीवरचे नमस्कार मात्र बंद झाले. पहाटे मी उगाच जागी होते आणि डोक्यावर काही ऐकू येत नाही. कटकट गेली, असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं असेल.

रविवारी तो अजून सूर्यचूल वर मांडतो. मीही अंघोळीची वेळ बघून जिना चढते आणि डब्यात वाफाळता भात ठेवून येते. तो खातो, चांगला झालाय म्हणतो, कुणी केला ते विचारत नाही. भात आता माझा, कारण कॅन्सर झाला होता त्याला, तो जगला. जिला कधी साधा ताप आला नव्हता ती त्याची बायको एका दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या गेली.